बसलीच म्हणा नं घरी

भिशी यावेळी मनीषनगरातल्या मैत्रिणीकडे होती. मेचा दुसरा आठवडा. संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी गॅलरीच्या कठड्याला हात लागला की चटका बसत होता. आत एसी लावून, पडदे ओढून आम्ही अकरा जणी बसलो होतो. बशीत आलुबोंडे, वरून चन्याची तर्री, बाजूला कैरीचं पन्हं. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले आणि नेहमीप्रमाणे मोबाइल बाहेर आले. एकीनं कुठलीशी जुनी क्लिप लावली. दूरदर्शनचा तो जरा पिवळट पडलेला रंग, सिद्धार्थ काक आणि त्यांच्या शेजारी रेणुका शहाणे. सगळ्या एकदम "अय्या, सुरभि!" करत त्या एवढ्याशा फोनवर वाकल्या. काय ते हसू, काय ते दात, काय ती साडी. मग ज्या मैत्रिणीचा फोन होता तिनंच विचारलं, "कुठी असते वं आता ही? दिसून नाही राहिली बरेच दिवस." मी म्हटलं, "डायरेक्शन करते नं. पिक्चर काढते." तिनं आलुबोंडा तर्रीत मोडला, घास तोंडात घातला आणि सहज म्हणाली, "हं, म्हणजे बसलीच म्हणा नं घरी." एकच हशा पिकला. बोलणं दुष्टपणाचं नव्हतं, हसणंही नव्हतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अकरा बायका कशालाही हसतात.

मीही हसले.

परत येताना वर्धा रोडवर स्कूटी चालवत होते. वरून मेट्रो, खाली पूल, त्याच्या खाली आम्ही, आणि तोंडावर तव्यावरून आल्यासारखी हवा. सारखं मनात येत होतं की मी काहून हसले? मला माहीत होतं ना. तिनं दिग्दर्शित केलेला 'रिटा' पाहिलाय, 'त्रिभंग' पाहिलाय, आणि 'दुपहिया' नावाची मालिका २०२५ मध्ये आली, त्यातही ती आहे. म्हणजे दिसतेसुद्धा. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मी ते सांगितलं नाही, आणि नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं, तर वरून हसलेही. दाताच्या फटीत बडीशेप अडकावी तसं ते हसू अडकून बसलं. झोपेपर्यंत जिभेला लागत राहिलं.

आता 'सुरभि', दूरदर्शनवरचा तो देशभरच्या कला-संस्कृतीचा कार्यक्रम, म्हणजे काय होतं हे माझ्या वयाच्या माणसाला सांगायची गरज नाही. आमच्याकडे शटरचा टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे तिच्या साड्यांचे रंग आम्ही आपले अंदाजानं लावायचो. समोरच्या क्वार्टरमध्ये कलर आल्यावर कळलं की आम्ही लावलेले निम्मे रंग चुकीचे होते. सेमिनरी हिल्सवरचा टॉवर आमच्या गच्चीवरून दिसायचा, तरी अँटेना हलवायला भाऊ वर जायचाच. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" हा संवाद तर रविवारच्या आरतीसारखा ठरलेला. तिच्याबद्दल आमच्या घरात एक वेगळाच अभिमान होता, त्याचं कारण तिचं हिंदी. आम्ही नागपूरचे. पुण्याकडच्या नातेवाइकांत गेलो की आमच्या मराठीत हिंदी किती यावर लग्नाच्या पंगतीत नकला व्हायच्या, आणि खरं हिंदी बोलायला गेलो की हिंदीवाले हसायचे. आणि इथे एक मराठी आडनावाची मुलगी अख्ख्या देशासमोर स्वच्छ, न अडखळता हिंदी बोलत होती. आजोबा म्हणायचे, "शहाण्यांची आहे, शहाणीच असणार." दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी हसायचे ते एकटेच.

पोस्टकार्ड लिहायची ती आई. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न यायचा, तो ती पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घ्यायची. सोमवारी शाळेतून येताना मी पोस्टातून पंधरा पैशांचं कार्ड आणायचे. 'सुरभि'ला इतकी पत्रं जायला लागली की पुढे टपाल खात्यानं स्पर्धेसाठी वेगळं, दोन रुपयांचं कार्डच काढलं. एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं आल्याची नोंद लिम्का बुकात झालेली आहे. त्या चौदा लाखांत आमचं एक असेल तर असेल. दोन रुपयांचं झाल्यावर वडिलांनी एकदा हिशोब मांडून दाखवला होता, तेवढ्यात किती कोथिंबीर येते त्याचा. आईनं कोथिंबीर कमी केली. नाव माझं, पत्ता आमचा, अक्षर तिचं. उत्तर एका ओळीत मावायचं आणि मग खाली उरलेल्या जागेत ती बारीक अक्षरात सूचना लिहायची. तिच्या त्या नागपुरी हिंदीत. "कैमरा बहुत हिलता है." "मूर्ति दिखाते समय पीछे का संगीत थोडा कम करें." एकदा लिहिलं होतं, "निवेदिका को साँस लेने का समय दें, वो बहुत अच्छी है मगर दौड रही है." मी ते वाचून पोस्टाच्या पेटीशी लाजेनं अर्धमेली झाले होते. पेटीपाशी उभं राहून मी खरंच विचार केला होता की टाकू की नको. शेवटी टाकलं. आमचं नाव कधीच निघालं नाही. तो कार्डांचा ढीग दाखवायचे आणि त्यात हात घालायचे, तेव्हा मला एकच भीती असायची की आमचंच निघालं आणि त्यांनी खालचंही वाचून दाखवलं तर!

१९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. अख्खी कॉलनी टप्प्याटप्प्यानं जाऊन आली. आम्ही मावशीबरोबर गेलो होतो, मॅटिनीला. टॉकीजमध्ये पंखे घरघरत होते आणि पुढच्या रांगेत कुणीतरी संत्री सोलत होतं. रेणुका शहाणे जिन्यावरून घसरली तेव्हा मावशी खुर्चीतून अर्धी उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, सांभाळून!" पडद्याला म्हणाली. आजूबाजूचं कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच मनात तेच होतं. आज त्या सिनेमाचा विचार केला की वाटतं, मोठ्या बहिणीला किती छान वागवलंय त्यात आणि किती सोयीनं मारलंय. ती हसते, सगळ्यांची काळजी घेते, सून म्हणून शोभते, बाळ होतं आणि मग ती जाते, म्हणजे गोष्ट पुढे सरकते. तिचं हसू अख्ख्या देशाला इतकं आवडलं होतं की तिच्याकडून दुसरं काही मागायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. टीव्हीवर मात्र तिनं वेगळं केलं होतं. 'सर्कस'मध्ये केलं, झी टीव्हीवर सचिन खेडेकरबरोबरच्या 'सैलाब'मध्ये केलं. 'सैलाब'मध्ये ती गप्प बसायची तेव्हा फार छान दिसायची. भिशीत मात्र आठवतं ते हसूच.

आता आईबद्दल.

माझी आई लग्नाआधी राज्य नाट्य स्पर्धेत काम करायची. हौशी रंगभूमी. धनवटे रंगमंदिरात तिचे प्रयोग झालेत, एकदा तिला अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं. ते तिच्या ट्रंकेत शालूच्या घडीत असायचं, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेलं. लग्नानंतर काम सुटलं. कुणी नको म्हटलं असंही नाही. कुणी 'हो' म्हटलं नाही, एवढंच. मग कॉलनीच्या गणपतीत ती मुलांची नाटकं बसवायला लागली. बसवायला. हे क्रियापद त्या रात्री स्कूटीवर माझ्या मानगुटीवर बसलं. नाटक बसवणं, नाच बसवणं, चाल बसवणं. दुसऱ्या कुणाला उभं करायचं, चालवायचं, बोलवायचं, रडवायचं आणि त्याला म्हणायचं बसवणं. आणि बाई बसली म्हणजे? घरी बसली, रिकामी बसली, लग्नाची बसली. एका अक्षराचा फरक आहे आणि आमच्या भिशीनं तो एका घासात मिटवून टाकला.

तिची तालीम संध्याकाळी अंगणातल्या कडुनिंबाखाली चालायची. कूलर बंद ठेवायचा, कारण त्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. बाबा घामानं भिजून आत पेपर वाचत बसायचे आणि दर दहा मिनिटांनी विचारायचे, "झालं का वं?" फरशीवर खडूनं खुणा: इथे राजा, इथे प्रधान, इथपर्यंतच यायचं, याच्या पुढे आलात तर पडदा डोक्यावर येईल. आई लोखंडी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ती पहिले दोन-तीन दिवस बघायची. नंतर बघणं बंद. डोळे मिटून नुसती ऐकायची आणि बोटं तांदळातले खडे काढत राहायची. डोळे मिटलेले असताना खडे कसे सापडायचे ते मला आजही कळलेलं नाही. मधेच हात वर करायची. सगळे थांबायचे. "प्रधानानं 'महाराज' मधला 'ज' खाल्ला. भूक लागली का रे तुला?" पोरं खदखदायची. एका मुलाला र म्हणता यायचा नाही, त्याचे सगळे र काढून तिनं त्याचे संवाद रात्री बसून नव्यानं लिहिले. राजाला 'नृप' केलं. त्यातही र निघाला, तेव्हा 'सम्राट' केलं, त्यातही र, मग शेवटी त्याला 'मालक' म्हणायला लावलं. प्रेक्षकांना वाटलं मुद्दाम विनोद आहे. टाळ्या पडल्या. तो मुलगा आज बंगळुरूला असतो, दिवाळीला आईला फोन करतो आणि 'र' नीट म्हणतो.

मला ते पंधरा दिवस अजिबात आवडायचे नाहीत. इतक्या वर्षांनी हे लिहून टाकायला हरकत नाही. जेवण उशिरा व्हायचं, रोज पोळ्यांऐवजी खिचडी. दुसऱ्यांच्या मुलांना ती हाताला धरून, हनुवटी वर करून शिकवायची; मला मात्र सगळ्यांसमोर ओरडायची, "तू तरी वेळेवर ये!" मला बहुतेक वेळा पडदा ओढायचं काम. एका वर्षी झाड केलं होतं. प्रयोगाच्या रात्री बाकीच्यांच्या आया पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून हात हलवायच्या आणि माझी आई विंगेत उभी, ओठांनी सगळ्यांचे संवाद म्हणत. तिच्याकडे बघितलं तर कळायचं की ती माझ्याकडे बघतच नाहीये, माझ्या शेजारच्या प्रधानाकडे बघतेय. मी झाड असल्यामुळे मला मानही फिरवता यायची नाही.

आणि मग ते हस्तपत्रक. गुलाबी कागदावर छापलेलं. वर गणपती, खाली कार्यक्रम, तिसऱ्या दिवशी 'बालनाट्य'. दिग्दर्शक म्हणून मंडळाच्या एका पदाधिकारी काकांचं नाव. काका चांगले होते, लाऊडस्पीकरची परवानगी आणायचे, पण तालमीला एकदाही फिरकले नव्हते. खाली बारीक टायपात 'मार्गदर्शन', आणि आईच्या नावाआधी 'सौ.'. तिचं माहेरचं नाव तर नाहीच, स्वतःचंही नाही. बाबांच्या नावाची सौ. आईनं ते पत्रक वाचलं, त्याची घडी घातली आणि गव्हाच्या पिंपाखाली झुरळांसाठी ठेवलेला कागद बदलायचा होता तिथे सारलं. पुढच्या वर्षी नाटक परत तिनंच बसवलं. पत्रक परत तसंच. मला त्या वयात तिचा राग आला नाही की मंडळाचा आला नाही. मला फक्त वाटलं होतं, बरं झालं, आता कदाचित पुढच्या वर्षी वेळेवर जेवायला मिळेल.

भिशीतल्या माझ्या हसण्याचं मूळ बहुधा तिथे आहे. नक्की सांगता येत नाही.

कॅमेऱ्यापुढून मागे गेलेल्या आपल्याकडच्या बाया काही कमी नाहीत. स्मिता तळवलकरांना आपण आधी मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिलं, मग भूमिकांत, आणि १९९३ मध्ये त्यांनी 'सवत माझी लाडकी' दिग्दर्शित केला. मृणाल कुलकर्णी लहान वयात 'स्वामी' मालिकेत रमाबाई झाली आणि २०१४ मध्ये तिनंच 'रमा माधव' केला, म्हणजे जिच्या आत राहिली तिलाच बाहेरून बघायला गेली. नीना गुप्तानं 'साँस' स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली, वर त्यात कामही केलं. नट दिग्दर्शक झाला की आपण म्हणतो, मोठा झाला, आवाका वाढला. नटी झाली की आधी प्रश्न येतो, काम मिळेना वाटतं? हे पुरुषच म्हणतात असं नाही. मनीषनगरात त्या दिवशी एकही पुरुष नव्हता.

रेणुका शहाणेनं पहिला सिनेमा केला तो तिच्या आईच्या, शांता गोखल्यांच्या कादंबरीवर, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ती 'रिटा वेलिणकर' माझ्या आईनं बर्डीवरच्या वाचनालयातून आणली होती आणि आठवडाभर उशीजवळ ठेवली होती. मी तेव्हा ती चाळली आणि सोडून दिली, कारण त्यात कुणी पटकन सुखी होत नाही. घर चालवणारी थोरली मुलगी, विवाहित वरिष्ठावर जीव, आणि सगळं वाहून वाहून एक दिवस मनच मोडून पडतं. २००९ च्या सिनेमात रिटाची भूमिका पल्लवी जोशीला दिली, साळवीची, म्हणजे त्या वरिष्ठाची, जॅकी श्रॉफला, आणि स्वतः घेतली ती मैत्रिणीची, सरस्वतीची. मला ही गोष्ट कितीतरी वेळ पुरली. आईनं लिहिलेली बाई. हक्कानं मुख्य भूमिका घेता आली असती, चेहरा ओळखीचा, तिकिटंही चार जास्त खपली असती. ती शेजारी जाऊन बसली. मैत्रीण होऊन रिटाच्या उशाशी बसली आणि तिथून तिच्याकडे बघत राहिली. माझ्या आईनं कॉलनीच्या नाटकात एकदाही स्वतः काम केलं नाही, लोकांनी आग्रह करूनसुद्धा. मी कारण विचारलं होतं. "मग त्यांच्याकडे कोण बघेल?" म्हणाली.

'त्रिभंग' मात्र आम्ही दोघींनी बरोबर पाहिला. जानेवारी २०२१. बाबा नव्हते आता. कोरोनाचं भय अजून दाराशी चपला काढून बसलेलं. नागपूरची जानेवारी हाडात शिरते. दुपारी उन्हात बसलेली माणसं संध्याकाळी गोधडीतून हात बाहेर काढत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर, दोन उशांना टेकवून, एकाच रजईत पाय घालून आम्ही बसलो. बशीत तिळाच्या रेवड्या. गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे: नयनतारा आपटे, मराठीतली मोठी लेखिका, लिहिता येईना म्हणून दोन मुलं घेऊन सासर सोडलेली. तिची मुलगी अनू, ओडिसी नर्तकी, आईला 'आई' न म्हणता नावानं हाक मारणारी. आणि अनूची मुलगी माशा, जिनं ठरवून, डोळे उघडे ठेवून, डोक्यावर पदर घ्यायचं घर निवडलंय. सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात नयनतारा कोमात जाते. म्हणजे जिच्याशी भांडायचंय ती पलंगावर आहे आणि तिला ऐकू येतंय की नाही ते कुणालाच कळत नाही.

त्यातल्या बायकाही बघा. नयन झालेली तन्वी आझमी ही उषा किरणांची मुलगी. अनू झालेली काजोल ही तनूजाची मुलगी, शोभना समर्थांची नात. आणि मॉनिटरसमोर शांता गोखल्यांची मुलगी. काम करणाऱ्या आईच्या घरात वाढणं म्हणजे काय, हे तिथे कुणी कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. उशिरा होणारं जेवण, दुसऱ्यांच्या मुलांवर रोखलेले डोळे, हे सगळं त्यांच्या त्यांच्या घरात आपापल्या तऱ्हेनं झालंच असेल, आमच्या कॉलनीच्या हजारपट मोठं.

सगळंच आवडलं असं म्हणणार नाही. अनूच्या तोंडच्या शिव्या सुरुवातीला जरा ओतल्यासारख्या वाटतात, तिचं बंड आपल्याला कळलं आहे हे कळल्यावरही चालूच राहतात. आणि ते अभंग, समभंग, त्रिभंगाचं. ओडिसीतल्या उभं राहण्याच्या तऱ्हा. आई अभंग, मुलगी समभंग, मी त्रिभंग, वाकडीतिकडी, असं अनू स्वतःच बोलून दाखवते. ते तिनं बोलायला नको होतं. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघा तिसरीकडे, हे शरीरावर दिसत असताना शब्दात कशाला? प्रेक्षकावर अजून थोडा विश्वास टाकायला हवा होता. पण एक गोष्ट तिनं अशी केली की त्यापुढे माझी बाकी कुरकुर फिकी पडते. आईच्या नवऱ्यानं अनूचं बालपण नासवलं, तेव्हा आई लिहीत होती, तिला कळलं नाही. इथे सोपं होतं, लिहिणाऱ्या आईला दोषी ठरवून मोकळं होणं. किंवा उलट, मुलीला कृतघ्न ठरवणं. दोन्ही वाटांना आपल्याकडे गर्दी असते. हिनं आईची चूक आईची म्हणून ठेवली, मुलीची जखम मुलीची म्हणून ठेवली आणि लिहिण्याला मात्र हात लावला नाही. लिहिणं चूक होतं असं तो सिनेमा एकदाही म्हणत नाही.

अर्ध्यात मी बाजूला बघितलं तर आईचे डोळे मिटलेले. वाटलं, झोपली. आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे. ऐकून राहिली ना मी."

बोटं रजईवर हलत होती. रजईवर तांदूळ नव्हते, पण बोटं काहीतरी निवडत होती. मी आवाज होता तसा ठेवला. संपला तेव्हा नावं वर सरकू लागली. मी लॅपटॉप मिटणार तर म्हणाली थांब, आणि उशीखालून चष्मा काढून डोळ्यांना लावला, आणि सगळी नावं वाचली. सगळी. लाइटवाल्यांची, कपडेवाल्यांची, चहावाल्याचं नाव असतं का ते बघितलं. मग म्हणाली, "बसवलंय छान." थोड्या वेळानं, दिवा घालवल्यावर, अंधारात: "तिघींपैकी एकीलाही खाली पाडलं नाही बाईनं." मला विचारायचं होतं की तुला माझा राग आठवतो का, ते खिचडीचे पंधरा दिवस, ते झाड. विचारलं नाही. तिच्या घोरण्याचा आवाज येईपर्यंत मी जागी होते, आणि ते घोरणं खरं की नाटकातलं हे सांगता येणार नाही. ती चांगली नटी होती.

नंतर कळलं की रेणुका शहाणेनं 'लूप लाईन' नावाचा एक अॅनिमेशनचा लघुपट केलाय, मराठीतच. दबून राहिलेली गृहिणी, आणि तिचं मनातल्या मनात निसटून जाणं. तिथे तर चेहराही नाही, म्हणजे हसूही नाही. चितारलेली बाई आणि आवाज. मी ते आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग त्याची तालीम कशी घेत असतील?" यावर ती दोन दिवस विचार करत होती. शेवटी तिनंच ठरवलं की आवाजाची तालीम आधी घेत असतील, डोळे मिटून.

जूनमध्ये भिशी माझ्याकडे होती. मृग लागून आठवडा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता, नुसतं उकडत होतं. मी पाटवडीचा रस्सा केला होता, दोन जणींना तिखट लागलं, बाकीच्यांनी परत मागितलं. आई आता शहात्तर वर्षांची. तिचा उजवा गुडघा गेलाय, त्यामुळे उभी राहिली की कंबर एका बाजूला आणि मान दुसऱ्या बाजूला जाते. ओट्याशी अशी उभी असली की मला हसूही येतं आणि मी मुकाट्यानं स्टूल पुढे सरकवते. त्या दिवशी ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती, मांडीवर मेथीची जुडी. मी त्या मैत्रिणीला काही सांगणार होते. महिनाभर वाक्यं जुळवली होती. 'सुरभि'पासून सुरुवात करायची, मग 'रिटा', मग एकदम 'त्रिभंग', आणि शेवटी हसत हसत टोला. पण ती आली तीच सुनेच्या बाळंतपणाचं घेऊन. सिझेरियन झालेलं, बाळ काचेत. तिचे डोळे सुजलेले होते. बिचारी भिशीला आली हेच खूप. मी तिच्या ताटात अजून एक पाटवडी वाढली आणि वाक्यं गिळून टाकली.

निघताना फोटो. दरवेळी निघताना फोटो असतोच. सगळ्या जणी सोफ्यासमोर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, हात लांब करून सेल्फी घ्यायची धडपड सुरू झाली. कुणाचं कपाळ कापलं जाई, कुणी मावेना. कोपऱ्यातून आवाज आला, "इकडे आणा तो फोन." मेथीची जुडी खाली ठेवून आई उठली, भिंतीला धरून. "तू उंच आहेस, मागे जा. तू जरा उजेडात सरक, तोंड दिसून नाही राहिलं. तिला मधे घ्या, मधे." ती म्हणजे सुजलेल्या डोळ्यांची. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फोटोसाठी म्हणून हसायला लागली. आईनं हात वर केला. सगळ्या थांबल्या, अगदी कडुनिंबाखालच्या पोरांसारख्या.

"उगीच हसू नको बाई," आई तिला म्हणाली. "आलं तर हस."

ती आधी गडबडली, मग तिला खरंच हसू आलं, आणि त्या हसण्यात थोडं पाणीही होतं. आईनं तेवढ्यात बटण दाबलं. फोटो आमच्या ग्रुपवर आहे. अकराच्या अकरा जणी नीट दिसतात, डोळे सगळ्यांचे उघडे. डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक धूसर, हिरवट काहीतरी आलंय. मी मोठं करून बघितलं. आईचं बोट आहे, मेथी लागलेलं.